बी ते बी

दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडूच्या गोण्या थेट रस्त्यावर ओतलेल्या असतात, भाव तासागणिक वरखाली होत असतो आणि पहाटेच्या लोकलमध्ये सामानाच्या फळीवरही केशरी फुलांनी फुगलेल्या पिशव्या दिसतात. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तीच गर्दी, तोच उग्र वास. लाखो दारांच्या तोरणांना पुरणारी ही रास जूनच्या शेवटी नुसती बियांच्या रूपात होती. झेंडूच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या वर बिया बसतात. चिमूटभर बी गादीवाफ्यावर पडलं, महिन्याभरात रोपं शेतात गेली आणि दसऱ्याला त्यांची फुलं बाजारात आली.

हा सगळा प्रवास घराच्या गॅलरीत, गच्चीवर किंवा परसात जसाच्या तसा घडू शकतो. त्याला शेत लागत नाही, माळी लागत नाही. पाच-सहा तास ऊन येणारी जागा, आठ-दहा इंची कुंडी आणि बियांचं एक पाकीट एवढ्यावर काम भागतं. तरीही शहरातली बहुतेक घरं फुलांसाठी रोपवाटिकेची वाट धरतात आणि तिथून ऐन बहरातली कुंडी घरी आणतात. त्या रोपाचं निम्म्याहून अधिक आयुष्य शेडनेटखाली सरलेलं असतं. घरी ते दोन-तीन आठवडे फुलतं, मग सुकतं आणि आणणाऱ्याला वाटतं, आपल्या हाताला यश नाही. हाताचा यात काही दोष नाही. रोपाची वेळच संपत आलेली असते.

हंगामी फुलझाडाची सगळी धडपड बी धरण्यासाठी चाललेली असते. फूल हा त्या वाटेवरचा एक टप्पा. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की कधी पेरायचं, शेंडा का खुडायचा, सुकलेलं फूल का काढायचं आणि हंगामाच्या शेवटी तेच फूल का राखायचं, ही सगळी कामं आपोआप उलगडतात. बागकामाची पुस्तकं यांची वेगवेगळी कलमं करून सांगतात. मला ती एकाच गोष्टीच्या फांद्या वाटतात.

एका पावसाचं आयुष्य

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात रंगांचा जो सोहळा असतो, त्यातली बरीचशी झाडं वर्षायू आहेत. जांभळट गुलाबी रानतेरडा, पिवळी सोनकी, ‘मिकी माऊस’ या नावाने पर्यटकांच्या ओळखीचं झालेलं इवलंसं पिवळं फूल, ही सगळी पहिल्या पावसात रुजतात आणि पाऊस सरता सरता बी टाकून संपून जातात. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचाही समावेश झाला. त्या पठारावर कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ भाजून निघतो. अशा जागी कोरडे महिने काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बी होऊन पडून राहणं. बीला पाणी नको, ऊन नको, अन्नही जेमतेम लागतं. पाऊस आला की ते जागं होतं आणि तीन-चार महिन्यांत सगळा संसार आटोपतं.

आपल्या कुंडीतला झिनिया किंवा कॉसमॉस याच रीतीने जगतो. मोगरा, जास्वंद यांच्यासारखी बहुवर्षायू झाडं दर वर्षी आपल्या कमाईतला काही भाग लाकडात आणि मुळांत साठवून ठेवतात. त्यांना पुढच्या वर्षाचा विचार करायचा असतो. वर्षायू झाड काहीच मागे ठेवत नाही. जमवलेलं सगळं फुलांत आणि बियांत घालतं. म्हणून ते लवकर फुलतं, भरभरून फुलतं आणि नवख्या माणसालाही निराश करत नाही. ज्याला दोन महिन्यांत फूल पाहायचं आहे, त्याने गुलाबाच्या कलमापाशी सुरुवात करू नये, झिनियाचं बी आणावं.

मेक्सिकोचा पाऊस, दख्खनची माती

आपल्या सणांत इतका मुरलेला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. बियांच्या पाकिटांवर आफ्रिकन आणि फ्रेंच असे दोन प्रकार लिहिलेले असतात, पण दोघांचंही मूळ घर मध्य अमेरिकेच्या त्याच भागात आहे. झिनियाही तिथलाच, कॉसमॉसही तिथलाच. सोप्या फुलांची यादी कुणालाही करायला सांगितली तर पहिली तीन नावं मेक्सिकोची निघतात, याला कारण आहे.

मेक्सिको सिटी १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे आणि पुणं साडेअठराच्या आसपास. दिवस किती तासांचा असेल हे अक्षांशावर ठरतं. त्यामुळे दोन्हीकडे दिवसाची लांबी वर्षभर जवळजवळ सारखीच कमी-जास्त होते, हिवाळ्यात सुमारे ११ तास आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास. मध्य मेक्सिकोतला पाऊसही साधारण जून ते ऑक्टोबर याच काळात पडतो आणि त्यानंतर कोरडी थंडी येते. त्या मातीतल्या वर्षायू झाडांनी हेच वेळापत्रक अंगी बाणवलं आहे. पावसात वाढायचं, दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरायच्या, आभाळ मोकळं झालं की फुलायचं आणि कोरड्या हवेत बी पिकवायचं. मोठ्या फुलांचा झेंडू दिवस आखूड होताना लवकर कळ्या धरतो. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणाचा सण असतो आणि त्यासाठी थडगी, देव्हारे, रस्ते झेंडूने भरून जातात. आपला दसरा-दिवाळी त्याच्या आगेमागेच येते. हजारो कोसांवरचे दोन समाज वर्षाच्या एकाच वळणावर एकच फूल उधळतात, कारण त्या फुलाला दोन्हीकडे सारखंच आभाळ मिळालं.

उलट पॅन्सी, स्वीट पी, लार्क्स्पर, कॅलेंडुला यांची पाळंमुळं युरोप आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात आहेत. त्यांना थंडी हवी. नाशिक, पुणे, सातारा, नागपूर इथला हिवाळा त्यांना मानवतो. मुंबई आणि कोकणपट्टीत थंडी नावापुरतीच असते, तिथे ती रोपं रडतखडत वाढतात. कोकणातल्या परसात हिवाळ्यासाठी झेंडू, झिनिया, गलांडा आणि कोंबडा यांच्यावर भर द्यावा आणि पॅन्सीचा नाद सोडावा. झाड मुळात कुठलं आहे हे पाहिलं, तर ते आपल्याकडे कोणत्या महिन्यात सुखी राहील हे निम्मं कळून चुकतं.

वर्षातून तीन पेरण्या

महाराष्ट्रातल्या घरबागेत हंगामी फुलांच्या तीन पेरण्या होतात. पहिली मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत. तेरडा, झेंडू, झिनिया, केशरी कॉसमॉस, कोंबडा, गलांडा आणि गणेशवेल ही पावसाळी मंडळी. कोकणात जून-जुलैच्या माऱ्याखाली कोवळी रोपं झोडपली जातात, म्हणून तिथे रोपांचा ट्रे पडवीत ठेवावा आणि जोर ओसरल्यावर रोपं बाहेर काढावीत.

दुसरी पेरणी पाऊस परतल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. ॲस्टर, फ्लॉक्स, पेटुनिया, डायॅन्थस, कॅलेंडुला, नास्टरशियम, डॉगफ्लॉवर यांचा हा हंगाम. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास मोठं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे मांडलेल्या कुंड्यांची पेरणी कधी झाली असेल याचा हिशोब उलटा करून पाहावा. ॲस्टरला बी ते फूल सव्वातीन महिने धरले तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा येतो. पेटुनियाला अडीच-तीन महिने लागतात. फ्लॉक्स आणि कॅलेंडुला दोन-अडीच महिन्यांत फुलतात, म्हणून त्यांची पेरणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाली तरी चालते. दिवाळीचा फराळ संपायच्या आत पेरलेलं फ्लॉक्स जानेवारीत हमखास रंग दाखवतं.

तिसरी पेरणी संक्रांतीनंतर, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. सूर्यफूल, झिनिया, गलांडा आणि ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो ते पोर्तुलाका. ही एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरत नाहीत. ऑफिस टाइमची मांसल पानं पाणी साठवून ठेवतात आणि ऊन जितकं कडक तितकं त्याचं फूल जास्त उमलतं. पत्र्याच्या किंवा गच्चीच्या तापलेल्या कोपऱ्यात याच्याइतकं खात्रीचं दुसरं फूल नाही.

बी मातीत पडतं तेव्हा

बियांच्या आकारांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नास्टरशियमच्या सात-आठ बियांत एक ग्रॅम भरतो. पेटुनियाच्या एका ग्रॅमात दहा हजारांच्या घरात बिया असतात, हातावर घेतल्या तर तपकिरी धूळच वाटते. मोठ्या बीत अंकुराला पुरेल असा शिधा असतो, तो मातीचा जाड थर फोडून वर येऊ शकतो. धुळीएवढ्या बीत एवढा साठा नसतो. ते खोल गाडलं गेलं तर उजेडापर्यंत पोचण्याआधीच त्याची शिदोरी संपते. म्हणून बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरायचं हा जुना नियम आजही खरा आहे. पेटुनिया आणि ऑफिस टाइमच्या बियांना तर रुजायला उजेडच लागतो. त्या ओल्या मातीवर नुसत्या शिंपडाव्यात, बोटाने हलक्या दाबाव्यात आणि वर काही घालू नये. कॅलेंडुला, फ्लॉक्स आणि नास्टरशियमला मात्र अंधार हवा, त्यांच्यावर मातीचं पांघरूण घालावंच लागतं.

पेरणीची माती हलकी असावी. निम्मं कोकोपीट, पाव भाग चाळलेलं गांडूळखत आणि पाव भाग पोयटा मातीत थोडी वाळू, हे मिश्रण बहुतेक बियांना चालतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन परिसरातल्या रोपवाटिकांत काळे प्रोट्रे वापरतात, प्रत्येक कप्प्यात एक बी. घरी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे किंवा तळाला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा तेच काम करतो. पेरण्याआधी माती पूर्ण ओली करून घ्यावी. पेरल्यावर वरून झारी चालवली तर बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. त्यापेक्षा डबा पाण्याच्या परातीत टेकवून ठेवावा, पाणी खालून वर चढतं आणि मातीचा रंग गडद झाला की डबा उचलावा.

झेंडूची बी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. खालचा भाग काळा, सुईसारखा सडपातळ, आणि वरच्या टोकाला वाळल्या गवताच्या रंगाचा छोटा कुंचला. काळ्या टोकातून मूळ फुटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मातीला एक बारीक भेग पडते, तिच्यातून वाकलेला पांढरट-लालसर देठ वर येतो, मग तो सरळ होतो आणि दोन लांबट बीजपत्रं उघडतात. अनेकदा काळी टरफलं त्या पानांच्या टोकाला तशीच चिकटलेली असतात. ती ओढून काढायची घाई करू नये, पानं पसरली की आपोआप गळतात. त्यानंतर कातरलेली खरी पानं येतात, आणि त्यांना बोट लावलं की पहिल्यांदा झेंडूचा वास येतो.

या दिवसांत दोन शत्रू असतात. पहिला मुंग्या. ऑफिस टाइम, कोंबडा यांचं बारीक बी त्या एका दुपारीत उचलून नेतात. ट्रे पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवावा किंवा भोवती हळदीची अखंड रेघ ओढावी. दुसरा शत्रू बुरशी. काल ताठ उभी असलेली रोपं आज मातीलगत पिचून आडवी पडलेली दिसतात. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. दाट पेरणी, साचलेलं पाणी आणि कोंदट हवा एकत्र आली की हा रोग हमखास येतो. बी विरळ टाकावं, मातीचा वरचा थर किंचित वाळू द्यावा आणि मगच पाणी द्यावं. पेरणीच्या मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळला तर चांगली बुरशीच वाईट बुरशीला रोखून धरते.

जास्त पाण्याचा त्रास अंतराळातही सुटत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया लावले होते, तिथे दमटपणा वाढून पानांवर बुरशी चढली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरलेलं वेळापत्रक बाजूला ठेवून रोपांकडे पाहून पाणी द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे नारिंगी झिनिया उमलला. घरबागेतही हाच शहाणपणा कामी येतो. पाणी घड्याळ पाहून नको, माती पाहून द्यावं.

खुडणं आणि राखणं

चार ते सहा खरी पानं आली की रोप कुंडीत किंवा वाफ्यात हलवावं. हे काम संध्याकाळी करावं, म्हणजे मुळांना सावरायला रात्र मिळते. मोठ्या झेंडूला बारा इंची कुंडी आणि एकच रोप. छोट्या फ्रेंच झेंडूची, फ्लॉक्सची तीन रोपं तेवढ्याच जागेत सुखाने राहतात. कॉसमॉस, सूर्यफूल आणि नास्टरशियम यांची मुळं हलवाहलव सहन करत नाहीत, त्यांचं बी थेट कुंडीतच टोकावं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. नवशिक्यांना हे सगळ्यांत जड जातं, कारण रोप दिमाखात वाढत असतं आणि टोकाला पहिली कळी दिसत असते. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दडपून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका दांड्याच्या जागी चार-सहा फांद्या फुटतात. झेंडूचे शेतकरी लागवडीनंतर साधारण ३५ ते ४० दिवसांनी हेच करतात. घरी रोपांची वाढ पाहून थोडं आधी केलं तरी चालतं. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेटुनिया, डॉगफ्लॉवर यांना खुडणी मानवते. कोंबड्याचा तुरा आणि एकदांडी सूर्यफूल यांचा शेंडा मात्र कधी खुडू नये, त्यांचं सगळं वैभव त्या एका टोकालाच असतं.

खताचाही हात आखडता हवा. भरपूर नत्र मिळालं की रोप पानांवर पानं काढत बसतं. त्याला बी धरण्याची घाईच उरत नाही. कॉसमॉसला शेणखताचा लाड केला तर तो छातीएवढा उंच होतो, कोलमडतो आणि फुलं मोजकीच देतो. मध्यम मातीत तोच कमरेएवढा राहून महिनाभर फुलतो. कुंडीत लागवडीच्या वेळी दोन मुठी गांडूळखत आणि कळ्या दिसू लागल्यावर पुन्हा एक मूठ, एवढं पुरेसं आहे.

फुलं सुरू झाली की एका कामात कसूर करू नये. सुकू लागलेलं प्रत्येक फूल देठासकट काढून टाकावं. रोपाला बी हवं असतं. पहिली काही फुलं पिकून बी तयार झालं की रोपाच्या लेखी काम पूर्ण होतं आणि ते म्हातारं व्हायला लागतं. फुलं वेळेवर काढत गेलो की ते पुन्हा पुन्हा कळ्या धरतं. चार आठवड्यांचा बहर सात-आठ आठवडे टिकतो तो असा. देवपूजेसाठी रोज फुलं तोडणाऱ्या घरातला झेंडू शोभेसाठी न तोडता ठेवलेल्या झेंडूपेक्षा जास्त दिवस फुलतो, त्याचं कारण हेच.

कीड येते, पण हंगामी फुलांवर औषधांचा मारा करायची वेळ क्वचितच येते. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क पुरतो. झिनियाच्या पानांवर हिवाळ्यात पांढरी भुरी चढते, म्हणून त्याला संध्याकाळी पानांवर पाणी घालू नये आणि रोपांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवावं. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी जाळी विणतो, तेव्हा ते रोप उपटून नव्या पेरणीला जागा करून द्यावी. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून रोपं फस्त करतात, त्या अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

झेंडू तर स्वतःच शेतकऱ्याचा रखवालदार आहे. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी अशी शिफारस आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतात. झेंडूची मुळं जमिनीत जी द्रव्यं सोडतात त्यांनी मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही आवरले जातात. घरच्या भाजीच्या वाफ्यात वांगी-टोमॅटोच्या कडेला चार झेंडू लावले तर फूल आणि राखण दोन्ही हाती येतं.

तेरड्याची बोंडं

या सगळ्यांत तेरडा आपला अस्सल इथला. गौरी-गणपतीत पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या असंख्य घरांत तेरड्याची रोपं मुळांसकट आणली जातात. मुळं ही गौरीची पावलं मानून ती उंबरठ्यातून आत घेतली जातात. परसात, विहिरीच्या कडेला, गोठ्यामागे त्याला कुणी मुद्दाम पेरत नाही. गेल्या वर्षीचं बी पडलेलं असतं, पहिल्या सरींनी ते उठतं आणि भाद्रपदात घरातल्या गौरीसाठी हजर होतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे, पण रोपाला दीड महिना रोज नवी फुलं येतात. अर्धवट सावलीतही तो फुलतो, त्यामुळे ज्या गॅलरीत ऊन दोन-तीन तासच येतं तिथे पहिला मान त्याचाच.

तेरड्याचं बी गोळा करणं हा पोरांचा आवडता उद्योग. फूल गळाल्यावर देठाला लवदार, फुगीर, हिरवं बोंड धरतं. ते पोपटी-पिवळसर झालं की तयार झालं म्हणायचं. चिमटीत धरताच त्याच्या पाच पाकळ्या क्षणात आतल्या बाजूला वळतात आणि तपकिरी गोल बिया काही फुटांवर उडतात. बोंडाच्या भिंतींच्या पेशींत पाण्याचा ताण साठलेला असतो. शिवणी सुटताच तो एका झटक्यात मोकळा होतो. आई-झाडाच्या सावलीत गर्दी नको, थोडं दूर जाऊन रुजा, असा हा निरोप. बी राखायचं असेल तर पिकत आलेल्या बोंडावर आधी मलमलीची पुरचुंडी बांधावी किंवा मूठ पूर्ण बंद करूनच बोंड तोडावं.

घरचं बी

हंगाम उताराला लागला की फुलं खुडणं थांबवावं आणि सर्वांत निरोगी, सर्वांत चांगल्या रंगाच्या दोन-तीन रोपांवर फुलं पिकू द्यावीत. झेंडूचं वाळलेलं बोंड उकललं की आत तेच काळे सडपातळ दाणे गच्च बसलेले दिसतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते अनेक लहान फुलांचा गुच्छ असतं आणि त्यातल्या एकेका फुलाखाली एकेक बी. झिनियाच्या वाळलेल्या पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी चिकटलेलं असतं. फुलं झाडावरच तपकिरी होऊ द्यावीत, कोरड्या दुपारी तोडावीत, सावलीत आठवडाभर कागदावर पसरावीत आणि मग बी वेगळं करावं.

साठवणीचं एक ढोबळ गणित आहे. बीजशास्त्रात ते हॅरिंग्टनचा नियम म्हणून ओळखलं जातं. बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी घटलं, की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. गावाकडे कोरड्या राखेत बी ठेवण्याची रीत यातल्या पहिल्या भागावरच उभी आहे. शहरात कागदी पुडी, तिच्यावर नाव आणि महिना, ती पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. झिनियाचं बी असं तीन-चार वर्षं टिकतं. ॲस्टरचं बी मात्र वर्षभरातच दम सोडतं, ते पुढच्या हंगामातच पेरून टाकावं. जुन्या बियांबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्यात सहा-सात रुजल्या तर बी कामाचं आहे.

बाजारातून बी घेताना पाकिटावर चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणीची टक्केवारी वाचून घ्यावी, आणि एफ-१ असं छापलंय का तेही पाहावं. तो संकरित वाण असतो. त्याची फुलं देखणी आणि एकसारखी येतात, पण त्यांचं बी पेरलं तर पुढची पिढी आईबापांसारखी येत नाही, उंची आणि रंग विखुरतात. काही गच्च पाकळ्यांच्या वाणांत बी धरतच नाही. ज्याला बी राखायचं आहे त्याने सरळ वाण निवडावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे झेंडू प्रसिद्ध आहेत. ॲस्टरमध्ये तर महाराष्ट्राने स्वतःचं काम केलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्राने फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट आणि फुले गणेश पर्पल हे वाण दिले. ॲस्टर बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळतो, त्यामुळे त्याचं घरचं बी रंगाला बऱ्यापैकी प्रामाणिक राहतं. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉसच्या फुलांवर मधमाश्या-फुलपाखरांचा राबता असतो, त्यांच्यात रंगांची सरमिसळ होणारच. दोन रंग शुद्ध ठेवायचे असतील तर एका हंगामात एकच लावावा.

एका बाबतीत मात्र कटाक्षाने हात राखावा. पावसाळ्यात हौसेने बीजगोळे करून टेकड्यांवर फेकण्याची पद्धत बोकाळली आहे. केशरी-पिवळा कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पसरलेला आज कुणालाही दिसतो. तो सुंदर दिसतो, पण जिथे तो दाटतो तिथे सोनकीला, रानतेरड्याला, गवतांना जागा उरत नाही. बाहेरून आलेल्या फुलाचं बी कुंपणाच्या आतच राहिलं पाहिजे. आपल्या पठारांना सजावटीची गरज नाही, त्यांच्याकडे त्यांची फुलं आहेत.

कुंपणाच्या आत मात्र बी सढळ हाताने वाटावं. झिनियाच्या एकाच रोपावरची चार-पाच बोंडं राखली तरी सगळ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पुरेल एवढं बी निघतं. गावोगाव बायका आजही माहेरहून सासरी येताना भाजीचं बी पदराच्या गाठीत बांधून आणतात. फुलांच्या बियांनाही तोच मान मिळायला हवा. गृहनिर्माण सोसायट्यांत वर्गणी काढून फुललेल्या कुंड्या विकत आणण्यापेक्षा एका सामायिक ट्रेमध्ये रोपं तयार केली, तर त्याच पैशात प्रत्येक घराला चार-चार रोपं मिळतील. शाळांमध्ये शास्त्राच्या पुस्तकात बीज, अंकुर, परागीभवन हे धडे असतात. एका वर्गाने जूनमध्ये तेरडा पेरला तर दुसरी सहामाही सुरू व्हायच्या आत सगळे धडे मुलांच्या हाताखालून जातील.

ज्यांच्या हातात हा अंक दिवाळीत पडेल, त्यांच्यासाठी वेळ अगदी नेमकी आहे. पाऊस गेला आहे, हवा कोरडी होते आहे आणि रात्री थंड व्हायला लागल्या आहेत. या आठवड्यात फ्लॉक्स आणि कॅलेंडुलाचं बी आणा, जागा असेल तर डायॅन्थसचंही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर झिनिया आणि झेंडू आणा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली चार भोकं पाडा, हलकी माती भरा आणि बी पेरा. जानेवारीत फुलं येतील, मार्चमध्ये त्यांचं बी हाती येईल. त्यातलं निम्मं पुढच्या हंगामासाठी ठेवा आणि निम्मं अशा कुणाला द्या, ज्याने आजवर फुललेली कुंडीच विकत आणली आहे.